सह्याद्रीचा दगड राजमहेंद्रीला

चंद्रपुरात तुम्ही थंडीनं कुडकुडता आहात. मे महिन्यात पारा ४८ अंशांना टेकवणारा हा मुलूख. वर्धा आणि पैनगंगेच्या संगमाजवळचं इरई हे ठिकाण, पायाखाली चुनखडीचा सपाट कातळ. काळ मात्र २९-३० कोटी वर्षांपूर्वीचा. समोर मळकट बर्फाचा कडा आहे आणि तो सरकतो आहे. डोळ्यांना ते दिसणार नाही, इतकं हळू. पण बर्फाच्या तळाशी गोठून बसलेले धोंडे कातळ खरवडत निघालेत आणि ती करकर कानांआधी तळपायांना कळते. या खरवडण्याचे समांतर ओरखडे कातळावर राहतील, आणि एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला कुणी माणूस ते पाहून थबकेल.

तुम्ही गोदावरी पाहायला निघाला होतात. मग नाशिक नाही, त्र्यंबक नाही, कुशावर्तात बुडी नाही. एकदम इथं कसे? कारण सरळ आहे. ज्याला आपण उगम म्हणतो तो ब्रह्मगिरी अजून जन्माला यायचा आहे. त्याला २३ कोटी वर्षं अवकाश आहे. गोदावरीची पोथी उगमापासून वाचायची आपली सवय भाविकाला शोभते, पण नदीचा इतिहास त्या क्रमानं घडलेला नाही. जुनं आहे ते खालचं खोरं. वरचा भाग नंतरचा.

या काळात भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, गोंडवन नावाच्या महाखंडात अडकलेला आहे. (गोंडवन म्हणजे आपलंच गोंडांचं रान, भूशास्त्रानं ते नाव अर्ध्या पृथ्वीला देऊन टाकलं.) आंध्रचा किनारा जिथं असायला हवा तिथं समुद्र नाही, पलीकडे अंटार्क्टिकाची जमीन आहे. चंद्रपूर-सिरोंच्यापासून आग्नेयेकडे जमिनीला एक लांबलचक भेग पडते आहे, तिचा तळ खचतो आहे, आणि बर्फ वितळला की पाणी त्या खचलेल्या पट्टीत शिरणार आहे.

काही कोटी वर्षं पुढे या. बर्फ गेला. गुडघाभर काळ्या पाण्यात उभे आहात, भोवती जिभेसारख्या लांब पानांची झाडं. ग्लॉसॉप्टेरिस. फुलं नाहीत, पक्षी नाहीत, मधमाशी नाही. पानं गळतात, पाण्यात बुडतात, वर गाळ बसतो, जमीन आणखी खचते, पुन्हा झाडं. असं लाखो वर्षं चालतं. चंद्रपूर-बल्लारपूरचा आणि तेलंगणातल्या सिंगरेनीचा दगडी कोळसा तो हाच चिखल. वाहत्या पाण्यात हात घाला. प्रवाह कुठे ओढतो? वायव्येकडे! आज गोदावरी आग्नेयेला समुद्राकडे जाते, तेव्हाच्या नद्या त्याच खोऱ्यातून उलट्या दिशेनं, अंटार्क्टिकाच्या बाजूनं इकडे येत होत्या. वालुकाश्मांत गोठलेल्या लाटांच्या तिरक्या रेषांवरून हे वाचता येतं. रस्ता तोच, रहदारी उलटी.

सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी सिरोंच्याच्या आसपास तुम्ही पोचता तेव्हा पूर आलेला आहे. प्राणहितेचा म्हणावा तर प्राणहिता अजून नाही. पण पाणी तांबडं, फुगलेलं, त्यातून मुळांसकट उपटलेले मोठाले वृक्ष वाहत येताहेत, आणि त्या ओंडक्यांत अडकलेली प्रचंड जनावरं. लांब मान, लांब शेपूट, डोक्यापासून शेपटापर्यंत १४ मीटर. उंचवट्यावर उभे राहा आणि पाणी ओसरू द्या. हाडं आणि ओंडके एकाच गाळात पुरले जातील. १९६० च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची माणसं (हो, सांख्यिकी, महालनोबिसांच्या संस्थेत डायनोसॉरही मावत असत) पोचमपल्लीजवळ ही हाडं शेकड्यांनी काढतील. मोठ्या पायाचा म्हणून ‘बारापासॉरस’, आणि काम चालू होतं ते रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष म्हणून ‘टागोरेई’. सांगाडा कोलकात्यात उभा आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमला त्या काळातल्या झाडांचे दगड झालेले बुंधे रानात पडलेले आहेत. गडचिरोलीला जाणारे पर्यटक मोजके, त्यातले वडधमपर्यंत जाणारे आणखी मोजके. नाशिकला येणाऱ्या कोट्यवधींपैकी एक टक्का लोक जरी इकडे वळले तरी गोदावरीचं वय पुन्हा मोजावं लागेल.

आता १३ कोटी वर्षांपूर्वीची ती घटना, जिनं पाणी उलटं फिरवलं. अंटार्क्टिका तुटून दूर जातो आहे. मध्ये समुद्र शिरतो. ज्या बाजूनं नद्या येत होत्या ती बाजूच उरली नाही. तिथं आता उतार आणि उताराच्या टोकाला खारं पाणी. जुनं खोरं तसंच आहे, मात्र त्यातलं पाणी यापुढे आग्नेयेला, आजच्या बंगालच्या उपसागराकडे जाणार.

वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला थोडं थांबा. ६.६ कोटी वर्षांच्या अलीकडे-पलीकडे. टायटॅनोसॉर चरताहेत, तुम्ही त्यांच्या मागून चालताय, आणि पायाखाली काय येतं हे सांगायला नको. ते शेण दगड होऊन उरलं. २००५ साली शास्त्रज्ञांनी ते फोडून पाहिलं तर आत गवताच्या पेशींतले सूक्ष्म गारगोटी-कण निघाले. डायनोसॉरांच्या काळात गवत होतं, याचा तोवरचा सगळ्यात ठळक पुरावा विदर्भातल्या शेणात मिळाला.

वाऱ्याला गंधकाचा वास येऊ लागला आहे. पश्चिमेकडून.

त्र्यंबकला जा. म्हणजे जिथं पुढे त्र्यंबक होईल तिथं. डोंगर नाही, ज्वालामुखीचा सुळकाही नाही. जमिनीला लांब चिरा पडल्यात आणि त्यांतून शिलारस उसळत नाही, उतू जातो. एक थर पसरतो, निवतो, काळा पडतो. मग कधी शंभर वर्षांनी, कधी हजारो वर्षांनी पुढचा. मधल्या शांततेत थरावर माती धरते, तळी साचतात, बेडूक येतात. आणि पुन्हा सगळ्यावर आग. सह्याद्रीच्या बाजूला हे थर एकावर एक साठत दोन किलोमीटरपर्यंत जाडी होते. त्र्यंबकहून ब्रह्मगिरीकडे पाहताना जे आडवे पट्टे दिसतात ते हेच. एकेक पट्टा म्हणजे एकेक लोट. थंड होताना शिलारसातले वायूचे बुडबुडे आत अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपेल, नाशिकच्या खाणींत सापडणारे पांढरे-हिरवे झिओलाइटचे स्फटिक वाढतील, आणि अकीक, गोमेदही. हे अकीक लक्षात ठेवा.

आता शिलारसाबरोबर चालायला लागा. चालणं जमेल, तो फार वेगानं येत नाही. दुधावर साय धरावी तशी त्याच्यावर काळी कातडी धरते, आणि त्या कातडीखाली आतला रस तापलेलाच राहून पुढे सरकत जातो, पुढच्या तोंडाला फुगतो, फुटतो, पुन्हा सरकतो. त्याला उतार हवा आणि वाट हवी. दोन्ही आधीपासून तयार आहेत: जुन्या नद्यांची खोरी, पूर्वेकडे उतरलेली. मराठवाडा मागे पडतो, तेलंगणाच्या बाजूचे जुने ग्रॅनाइट मागे पडतात, आणि शेवटी हवेला खारा वास येतो. तुम्ही राजमहेंद्रीला आलात. हजार किलोमीटर!

खाडीचं उथळ पाणी आहे, चिखलात शिंपले. शिलारस पाण्यात शिरतो आणि वाफेचा पडदा उभा राहतो. शिंपले मरतात. थर निवतो. समुद्र पुन्हा वर येतो, नवे शिंपले धरतात, त्यांचा चुनखडीचा थर बसतो, आणि मग पश्चिमेकडून आणखी एक लोट येऊन पडतो. राजमहेंद्रीच्या आसपासच्या खाणींत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये हे शिंपले आजही निघतात. त्या दगडाची रासायनिक घडण आणि त्यात गोठलेली चुंबकीय दिशा महाबळेश्वरकडच्या थरांशी जुळते. म्हणून अनेक भूशास्त्रज्ञ मानतात की हा दगड स्थानिक नाही, सह्याद्रीकडूनच नदीखोऱ्यांच्या वाटेनं वाहत आला. आणि तसं असेल तर पृथ्वीवरच्या सर्वांत लांब शिलारस-प्रवाहांपैकी हा एक. गोदावरीतून सह्याद्रीचा दगड समुद्राला मिळाला तो पहिल्यांदा असा, पाण्याशिवाय.

पुढचं काम पावसाचं. पश्चिमेला सेशेल्सचा तुकडा तुटून निघतो, कोकणाच्या बाजूची जमीन खचते, आणि पठाराला एक तुटलेली कड येते. ही कड झिजत झिजत पूर्वेला मागे हटते. तीच आपली घाटाची भिंत. पठार पूर्वेला कललेलं. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर आषाढात उभे राहा. अरबी समुद्र ८० किलोमीटरच्या आसपास. एक थेंब पश्चिमेला पडला तर वैतरणा होतो आणि दीडशे किलोमीटरांत वसईच्या पलीकडे समुद्राला मिळतो. त्याच्या शेजारचा थेंब पूर्वेला घरंगळला की त्याला १,४६५ किलोमीटर चालायचं आहे. गौतमाच्या हातून गाय मेली, प्रायश्चित्तासाठी गंगा खाली आली, कुशावर्तात अडवली गेली, ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यात एक गोष्ट बरोबर पकडली आहे, असं मला वाटतं: या नदीला इकडे आणावं लागलं. जुनं पूर्वेचं खोरं आणि नवा पश्चिमेचा डोंगर यांची गाठ नंतर पडलेली आहे.

कोट्यवधी वर्षं एका उडीत ओलांडा. पैठणजवळ मुंगी गावाच्या थडीला पूर ओसरून उरलेली रेव आहे, आणि त्यात सरळ सुळ्यांचा हत्ती मरून पडला आहे. रानबैलांचे कळप पाण्यावर येताहेत. शिंगांचा पसारा इतका की दोन बैल जवळून जाऊ शकत नाहीत. रेवेतून कुणीतरी अकिकाचा खडा उचलतं, दुसऱ्या दगडानं त्याचा ढलपा काढतं, धार अंगठ्यावर तपासतं. तुमच्याकडे बघून पुन्हा कामाला लागतं. असाच एक ढलपा हत्तींच्या हाडांबरोबर एकोणिसाव्या शतकात इथंच मिळाला. पुढे पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी नाशिकजवळ गंगापूरला, प्रवरेवर नेवाशाला असे थर उकरून दख्खनच्या अश्मयुगाला आकार दिला.

हवामान कोरडं होत गेलं की नदीला गाळ वाहवत नाही; ती पात्रातच थर टाकत बसते आणि पात्र वर येतं. पाऊस वाढला की तीच नदी आपण टाकलेले थर कापत खाली जाते. गंगथडीच्या गावांत नदीकाठाला जे उभे, पिवळट मातीचे उंच कडे दिसतात, ज्यांच्यावर गाव आणि ज्यांच्याखाली धुणी, ते या दोन हवामानांतल्या वादाचा निकाल आहेत.

दायमाबाद, प्रवरेच्या काठी, ३,४०० वर्षांपूर्वी. कुडाच्या भिंतींना शेण-मातीचा गिलावा, चुलीवर जवाची पेज. नारिंगी भांड्यांवर काळ्या रेघा. एका घरात रडणं चाललं आहे: लहान मूल गेलंय, आणि दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला घराच्याच जमिनीखाली ठेवतील. मोठं माणूस मेलं तर घोट्याखालचे पाय कापून पुरायची रीत आहे. का, ते विचारायचा मोह होईल. भाषा कळणार नाही. या गावाच्या जमिनीत काश्याचे चार नग पुरलेले आहेत: बैलांचा रथ, गेंडा, हत्ती, रेडा. मिळून साठ किलोंच्या वर. १९७४ पर्यंत त्यांना कुणाचा हात लागणार नाही. गेंडा घडवणाऱ्यानं गेंडा पाहिलेला असणार, असं त्याच्या कातडीच्या घड्या सांगतात.

पाऊस मात्र कमी होत चालला आहे. याची नोंद कुठे? गोदावरीच्या मुखासमोर, समुद्राच्या तळाशी. तिथला चिखल नळीनं उपसून काढला तेव्हा त्यात झाडांच्या पानांवरचं मेण सापडलं, हजारो वर्षांचं, थरांनी. त्यातल्या कार्बनवरून कळलं की गेल्या चार हजार वर्षांत खोरं टप्प्याटप्प्यानं कोरडं पडत गेलं. आणि त्याच चिखलात दख्खनच्या काळ्या दगडाची माती वाढत गेली, गेल्या दोन हजार वर्षांत तर फारच. रान तुटलं, नांगर फिरला, काळी माती उघडी पडली आणि पावसानं नेली. सह्याद्रीचा दगड पुन्हा एकदा राजमहेंद्रीकडे निघाला. या वेळी धूळ होऊन.

या दोन हजार वर्षांत पैठण आलं. प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. तुम्ही काठावरच्या पेठेत आहात, समोर अकीक-गोमेदाचे मणी भोकं पाडून वळले जाताहेत, आणि बैलगाड्या भडोच बंदराकडे निघाल्यात. पैठण भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर, असं एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. इथून गोमेद जातं, हेही. आगीतल्या बुडबुड्यात धरलेला खडा नदीनं काढून रेवेत घातला, रेवेतून तो हत्यार झाला, मग मणी झाला आणि रोमी जहाजात चढला. मला विचाराल तर सातवाहनांची नाणी पाहण्याआधी पैठणची रेव पाहावी.

इथून पुढे नाथांचं पैठण, गोविंदसिंगांचं नांदेड, मांजरेचा संगम... या घाटांवर तुम्ही स्वतः गेलेले असाल. मी मध्ये पडत नाही. एवढंच सांगतो की मराठवाड्यातली ही नदी घाटांनी भव्य वाटते, पाण्यानं नव्हे. त्र्यंबकचा पाऊस घाटातच संपतो, पुढे पर्जन्यछाया. खरं पाणी येतं सिरोंच्याला, प्राणहिता वर्धा-वैनगंगा घेऊन भेटते तिथं, आणि मग सोमनूरला इंद्रावती बस्तरचा पाऊस ओतते. एकट्या प्राणहितेचं खोरं म्हणजे गोदावरीच्या सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटरांच्या खोऱ्याचा तिसरा हिस्सा. संगमावर उभं राहून पाहिलं तर कोण कोणाला मिळते याचा निवाडा गोदावरीच्या बाजूनं देणं अवघड जातं.

१५ ऑगस्ट १९८६. भद्राचलम. असा निवाडा पाण्यानं स्वतः दिलेला पाहायचा असेल तर इथं या. इंद्रावती, प्राणहिता, शबरी यांच्या खोऱ्यांत पाऊस थांबलेला नाही. काठावरच्या मापपट्टीवर रोज पाहणारे लोक आता पाहायचे थांबलेत, कारण पट्टीकडे जाता येत नाही. रात्र सरते आणि १६ तारखेला पाणी ७५.६ फुटांवर पोचतं. गच्चीवर शेजारी, त्यांच्या शेळ्या, कुणाच्या शिवणयंत्राचा वरचा भाग. खाली धवळेश्वरमला सेकंदाला ३५ लाख घनफूट पाणी बंधारा ओलांडतं आहे. त्याच्या वाटेत पापीकोंडलूचे डोंगर आहेत, पूर्व घाटाचे, सह्याद्रीहून कितीतरी पटींनी म्हाताऱ्या खडकांचे. किलोमीटर-दोन किलोमीटर पसरणारी नदी तिथं दोन कड्यांमध्ये चेपली जाते. म्हणून पाणी मागे तुंबतं, आणि म्हणून भद्राचलम बुडतं.

धवळेश्वरमचा मूळ बंधारा १८४७ ते १८५२ मध्ये आर्थर कॉटननं बांधला. १८३३ च्या दुष्काळात या भागात माणसं पटापट मेली होती, नदी शेजारून वाहत असताना. शेजारच्या टेकडीचा दगड काढून, बेटांचा आधार घेत, साडेतीन किलोमीटरांची भिंत घातली आणि त्रिभुज प्रदेश भाताचा झाला. कॉटनचे पुतळे तिथं गावोगाव आहेत, हार घातलेले. इंग्रज अभियंत्याला असा मान दख्खनमध्ये क्वचितच मिळाला असेल.

बंधाऱ्याखाली नदी फुटते: गौतमी, वसिष्ठा, वैनतेय. उगमाला गौतम, मुखालाही गौतमी. या त्रिभुज प्रदेशात तुम्ही ज्या मातीवर उभे आहात ती सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्र होती. काकीनाड्यासमोरचं होप बेट तर त्याहूनही पोरगं. अठराव्या शतकाच्या मध्यात ते नव्हतंच. गौतमीच्या वाळूतून ती लांब जीभ वाढली आणि बंदराची आडभिंत झाली. कोरिंगाच्या कांदळवनात ओहोटीला चिखलात पाय घाला. पोटऱ्यांना चिकटलेल्या त्या करड्या गाळात निजामाबादचा, बस्तरचा कण आहे, आणि काळा कण आपला.

होता, असं म्हणायला हवं. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राला देत होती. १९९० च्या दशकात तो सहा कोटी टनांच्या खाली आला. मुखाजवळचा किनारा मागे हटू लागला. शतकानुशतकं पुढे सरकलेली जमीन समुद्र परत घेतो आहे, आणि खारं पाणी भातखाचरांत शिरतं आहे.

गाळ कुठं अडला, ते पाहायला पैठणला परत या. आजचा मे महिना. जायकवाडी, १९७६ सालचं धरण, दहा किलोमीटर लांब मातीची भिंत आणि मागे शंभराहून अधिक गावं पोटात घेतलेला नाथसागर. पाणी आत ओसरलं आहे, उघड्या तळाला हात-हात रुंद भेगा पडल्यात. जेसीबी चालू आहे, ट्रॅक्टरांची रांग लागलेली. काळी माती ट्रॉलीत पडते तेव्हा धूळ तुमच्या तोंडावर येते. एक म्हातारे शेतकरी मुठीत ढेकूळ घेऊन दाबून पाहताहेत.

“काका, कुठं नेताय?”

“माळावर टाकायचा. बरड हाय आमचं रान, ह्या गाळावर ऊस बी येतो.”

“काय भाव पडतो?”

“गाळाला कोण पैसे घेतंय? डिझेलचंच काय ते.” ते ढेकूळ ट्रॉलीत फेकतात. “पाऊस यायच्या आत चाळीस खेपा व्हायला पायजेत. सरका जरा, गाडी मागं घ्यायचीय.”